झाड न देणारे नाना

आमच्या दारातल्या करंजाखाली कुणी टेकलं की हमखास विचारतं, "झाड झकास आलंय, कुठून आणलं?" मी "एका नर्सरीतून" एवढंच सांगतो आणि विषय बदलतो. कारण खरं सांगायला बसलो तर मला अजून राग येतो. एक रोप. काळ्या पिशवीतलं, गुडघ्याएवढं. ते मिळवायला मला पुरतं एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षात नानांनी माझी जी परवड केली ती नोकरीत एकाही साहेबाने केली नाही.

नर्सरी गेवराईहून उमापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. हिरव्या जाळीचं छप्पर, पाण्याचा एक हौद, बाभळीखाली टाकलेली बाज आणि बाजेवर नाना. लहानथोर सगळेच त्यांना नाना म्हणत. रस्त्याच्या कडेला पाटी होती, 'येथे सर्व प्रकारची रोपे मिळतील.' तिच्या खाली नानांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलं होतं, 'चौकशी करून.' मला आधी वाटलं, चौकशी गिऱ्हाइकाने करायची असेल. तसं नव्हतं. चौकशी गिऱ्हाइकाचीच व्हायची.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं आणि वडील गेल्यावर आईला चकलांब्याजवळच्या आमच्या खेड्यातून इकडे आणलं. आईचा जन्म गेला ऊसतोडीत. दिवाळी झाली की घराला कुलूप, मुकादमाची गाडी, थेट गुढीपाडव्यानंतर परत. अशी तीस वर्षं. तिला स्लॅबखाली करमेना. जेवण झालं की पोतं घेऊन ती बाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची आणि सावली सरकली की पोतं सरकवायची. उन्हाळ्यात तर ती सावली एवढीशी व्हायची की आईचे पाय उन्हात राहायचे. ते बघून मी ठरवलं, येत्या मृगात दारात झाड लावायचं. म्हटलं, काय अवघड आहे त्यात?

"केशर आंब्याचं एक कलम द्या," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"कावून?" नाना बाजेवरून न उठता म्हणाले.

"कावून म्हणजे? दारात लावायला."

"दार कुण्या तोंडाला हाय?"

"पश्चिमेला."

"दारात बसतं कोण?"

"आई बसते. दुपारी, जेवल्यावर."

"मग आंबा कुणासाठी पाहिजे? तुमच्यासाठी का आईसाठी?"

मी काही बोलायच्या आत प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. शोषखड्डा कुठं हाय? वरनं तार गेलीय का? शेजारी शेळ्या हायेत का? दिवाळीनंतर घरात कोण राहतं? हा शेवटचा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत, कारण आमच्याकडची निम्मी गावं तेव्हा कारखान्यावर असतात आणि पावसाळ्यात हौसेने लावलेलं रोप हिवाळ्यात बघायला माणूस नसतं.

"नाना, मी गिऱ्हाईक आहे," मी वैतागून म्हणालो.

"असाल की. पण झाड तुमच्या घरी जन्मभर ऱ्हाणार. तुमी माज्याकडं दहा मिन्टं."

त्या दिवशी मी रिकाम्या हाताने परतलो. तेव्हा माहीत नव्हतं की ही फक्त सुरुवात आहे.

नानांची विकायची तऱ्हा जगावेगळी होती. मुलाची सोयरीक घेऊन आलेल्या माणसाने मुलाचे दोषच आधी सांगावेत, तसं त्यांचं चाले. गुलमोहर मागितला तर म्हणायचे, "देखणं लई. पण एक वावधान आलं की आडवं, तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या पत्र्यावर." शेवगा मागितला तर, "फांदीत जीव न्हाई. पोरगं चढलं की दवाखाना." बदामाचं झाड म्हटलं की, "पानगळीत नाल्या तुंबणार आन् घरची बाई झाडताना रोज माजं नाव घेणार." एकदा नव्या बंगल्याचे मालक जीप घेऊन आले आणि त्यांनी वीस पाम मागितले. नाना त्यांना गंभीरपणे म्हणाले, "सायेब, पाम बाजारात मिळतील. पण त्याच्या सावलीत बसायचं म्हनलं तर माणूसबी तसलाच उभा नि बारीक लागतोय." बंगलेवाले चांगलेच जाडजूड होते. जीप धुरळा उडवत निघून गेली. मी तिथेच उभा होतो. हसावं की या माणसाच्या पोटापाण्याची काळजी करावी, मला कळेना.

लग्नात पाहुण्यांना रोपं वाटायची फॅशन आली तेव्हा एका वधुपित्याने पाचशे रोपं मागितली होती. नानांनी हात जोडले. "लग्नातलं रोप मोटरसायकलच्या हँडलला लटकून मरतंय. त्यापरीस पाहुण्यास्नी टावेल द्या, निदान तोंड तरी पुसतील."

आणि दिलेलं रोप त्यांच्या नजरेआड होत नसे. एका कचेरीतल्या कारकुनाने जांभूळ नेलं होतं. महिन्याने नाना सायकलवर पाहायला गेले, तर काट्यांचं कुंपण नाही आणि शेळी शेंडा खातेय. नानांनी शेळी हाकलली, रोप मुळासकट उकरलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं, रोपाचे पैसे खिडकीत दगडाखाली ठेवले आणि रोप घेऊन निघून आले. कारकून भांडायला आला तर म्हणाले, "शेळीला खायाला घालायचं आसलं तर सुबाभूळ न्या, मी फुकट देतो." भांडण ऐकायला रस्त्यावर दहा माणसं जमली आणि त्यातली आठ नानांच्या बाजूने बोलत होती. हेच मला सहन होत नसे. या माणसाचा वैताग सगळ्यांना यायचा आणि तरी लोक त्यालाच विचारायला जायचे.

आईचंही तेच. मी एकदा चिडून म्हणालो, दुसरीकडून आणतो झाड. आई म्हणाली, "न्हाई. नानालाच इचार." तिने तोवर नानांना पाहिलंसुद्धा नव्हतं. नुसतं ऐकून पक्ष बदलला होता.

मृग सरत आला तेव्हा नाना जागा पाहायला घरी आले. पहिल्यांदा त्यांनी खिशातून गाठी मारलेली दोरी काढली आणि भिंत, टाकी, शोषखड्डा, विजेची तार यांची मापं घेतली. मग भर दुपारी एक वाजता, ढग नसलेल्या दिवशी, अंगणाच्या मधोमध चपला उशाला घेतल्या, तोंडावर रुमाल टाकला आणि आडवे झाले.

"नाना, हे काय?"

"बगतो."

"डोळे झाकून?"

"ऊन डोळ्यांनी न्हाई बगायचं, अंगानं बगायचं. जितं माणूस झोपू शकत न्हाई, तितं सावली पाहिजे."

थोड्या वेळाने उठून चार पावलं पलीकडे जाऊन पुन्हा आडवे. समोरच्या घरातल्या बाई धावत बाहेर आल्या, "काय झालं हो गुरजी? कोण पडलंय? पाणी आणू का?" शेजारचे दोघे फाटकातून डोकावले. नव्या वस्तीत माझी जी काही प्रतिष्ठा होती, ती त्या दुपारी गेली. तीन जागी झोपून झाल्यावर नानांनी नैऋत्येच्या कोपऱ्यापासून सहा पावलांवर टाचेने खूण केली. तिथं झाड आलं तर उन्हाळ्यात दुपारी एकपासून पाचपर्यंत उंबऱ्यापुढे सावली राहील, शोषखड्डा लांब आणि तारही लांब. मला फाटकाच्या उजव्या हाताला झाड हवं होतं, कारण कंत्राटदाराने नकाशात तिथंच काढलं होतं. माझं कुणी ऐकलं नाही.

मग नाना आईसमोर उकिडवे बसले. "आक्का, तुमच्या मनात कंचं झाड हाय?"

आई पटकन म्हणाली, "शिताफळ."

मी आश्चर्याने पाहत राहिलो. तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

"आमच्या गावाकडच्या दारात एक हाय," आई सांगू लागली. "मी नवी नवरी आलते तवा लावलेलं. लई सोसलंय त्यानं माज्यापायी. दिवाळीला आमी निघायचो तवा कसं हिरवंगार आसायचं, आन् पाडव्यानंतर आलो की काटकी ऱ्हायलेली. माज्या जाण्यानं वाळायचं ते. मग मी आल्याबरोबर चूल पेटवायच्या आधी त्याला तांब्याभर पाणी घालायचे. महिनाभर घातलं की फुटायचं बगा. आता मला कुठं जायाचं न्हाई. हितं एक लावते. ते कधीच वाळू द्यायची न्हाई."

नाना तिच्याकडे पाहत राहिले. मग दोरी गुंडाळून खिशात टाकत म्हणाले, "थांबा जरा, आक्का. घाई न्हाई."

घाई नव्हती! पाऊस चालू होता, खड्डा तयार होता, आणि नर्सरीत सीताफळाची रोपं ओळीने मांडलेली होती. मी पोळ्याला गेलो. "थांबा." दसऱ्याला गेलो. "थांबा की गुरजी, काय पळून चाललंय?" दिवाळीनंतर गेलो तेव्हा रस्त्याने ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या होत्या. भांडी, बिऱ्हाड, कोंबड्या, वर बसलेली लेकरं. नाना त्या गाड्यांकडे बघत होते. त्या दिवशी जरा मऊ होते म्हणून मी विचारलं, "एक रोप द्यायला तुमचं काय जातं हो?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते सरकारी झाडं लावायच्या कामावर मजूर होते. दरवर्षी पाहुणे यायचे, फोटो निघायचा, हार पडायचा. खड्डे मात्र तेच. "एका खड्ड्यात मी अकरा साल अकरा झाडं लावली," नाना म्हणाले. "त्यो खड्डा मला लेकरासारखा वळखीचा झाला. माज्या हातानं लई झाडं मेली, गुरजी. आता माज्या हातून जाईल ते जगलं पाहिजे, आन् ज्याच्या दारात जाईल त्याच्या उपेगी पडलं पाहिजे. न्हाईतर मी बाजंवर झोपलेला बरा."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटून आईला सावली मिळत नव्हती. संक्रांतीला गेलो, शिवरात्रीला गेलो. पुन्हा उन्हाळा लागला. आई पुन्हा पोतं घेऊन टाकीच्या बुडाशी. मी रोज तिचे उन्हातले पाय बघायचो आणि मनातल्या मनात नानांना शिव्या घालायचो.

मे महिन्याच्या अखेरीला, सुट्टीच्या दिवशी, सकाळी नाना स्वतःच दारात उभे राहिले. "गुरजी, गाडी काढा. गावाकडं जायाचं."

"कुणाच्या गावाकडं?"

"तुमच्या. आक्काचं झाड बगायला."

मी कपाळावर हात मारला. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन आणि या माणसाला झाड निवडण्यासाठी दुसरं झाड बघायचं होतं. "अहो, कुलूपबंद घर आहे. बघायचं काय त्यात?" पण तोवर आई आतून पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरून घेऊन बाहेर आली होती. गेली पाच वर्षं आम्ही गावाकडे जायचो ते पोळ्याला नाहीतर दसऱ्याला, उन्हाळ्यात कधीच नाही. शेजारी चुलत घर आहे, तिथे काकू असते. निघताना दरवेळी आई तिला बजावायची, झाडाला पाणी घालत जा गं. फोनवरही विचारायची. काकू म्हणायची, हो, घालते.

रस्ताभर आई कॅन मांडीवर धरून बसली होती. मी एकदा म्हटलं, खाली ठेव. तिने ठेवला नाही.

घरापुढे उतरलो. कुलूप गंजलेलं, ओट्यावर धूळ, अंगणात फूटभर वाळलेलं गवत. आणि कोपऱ्यात ते सीताफळ. फांद्या उघड्याच होत्या, पण प्रत्येक काटकीच्या टोकाला पोपटी पानं फुटली होती. काही बोटाच्या पेराएवढी, काही त्याहून मोठी. पानांच्या बेचक्यात बारीक हिरव्या कळ्याही दिसत होत्या.

आईचा चेहरा खुलला. काकू पदराला हात पुसत बाहेर आली तशी आई तिला म्हणाली, "लई उपकार झाले गं तुजे. जगवलंस."

काकूने माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, ती खरं बोलून गेली. "बाई, खोटं कशाला सांगू? तुमच्या जीवाला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणायचे. टँकर आठ दिसाला येतोय. प्यायला पुरत न्हाई, झाडाला कुठलं घालू? पाच सालात एक थेंब घातला न्हाई मी. आन् त्याच्या आधीबी न्हाई."

"मग हे फुटलं कसं?" आईने विचारलं.

नाना पुढे झाले आणि त्यांनी एक फांदी अलगद वाकवून आईपुढे धरली. "आक्का, शिताफळ उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतंय. कुणी असो, नसो. मिरग जवळ आला की आपल्या वेळंनं फुटतंय. तुमी जायाच्या तवा ते हिरवं, याच्या तवा बोडकं. मधलं तुमी कधी बगितलंच न्हाई. तुमच्या जाण्यानं ते वाळत नव्हतं."

मला नानांचा इतका राग आला की त्यांचा हात धरून गाडीत बसवावं. दुसऱ्या क्षणी माझाच आला. मी पाचवीच्या पोरांना पानगळ शिकवतो. आई हे बोलली त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो. मला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल तरी ते तिला नीट समजावून सांगावं एवढी तसदी मी घेतली नाही. नाना वर्षभर थांबले होते ते याच एका आठवड्यासाठी. मी नंतर त्यांना विचारलं, तोंडानेच का सांगितलं नाही? तर म्हणाले, "सांगून कळत आसतं तर मी त्या खात्यात सायेब झालो नसतो का?" आणि त्याच मृगात त्यांनी सीताफळाऐवजी करंज दिला, भर उन्हाळ्यातही अंगावर पानं ठेवणारा.

आई कॅन शेजारी ठेवून ओट्यावर बसली. धूळ झटकलीसुद्धा नाही.

"मंजी मी आल्यावर फुटायचं, ते बी माज्यामुळं न्हाई," ती म्हणाली.

नानांनी हातातली फांदी अलगद सोडली.

"तीस साल गाडीत बसल्यावर पदर तोंडाला लावून रडलेय मी ह्याच्यापायी. मालक म्हणायचे, येडी का खुळी, झाडासाठी रडती." मग माझ्याकडे न बघता तिने काकूला विचारलं, "आन् ह्यो? ह्यालाबी तुज्यापाशीच ठिवून जायाचे मी."

काकू चिडली. तिचं बरोबरच होतं. "बाई, झाडाला पाणी घातलं न्हाई म्हणून लेकराला जेवाय घातलं न्हाई का मी? माज्या पोरांच्या आधी त्याचं ताट वाढलंय. इचारा त्याला."

"तुला न्हाई म्हणत गं," आई म्हणाली आणि मग नानांकडे वळली. का, ते मला अजून कळलेलं नाही. एवढी झाडं ओळखणारा माणूस, त्याला पोरांचंही कळत असेल असं तिला वाटलं असावं. "नाना, लेकराचंबी तसंच आसतंय का हो? कुणी आसो, नसो?"

'दार कुण्या तोंडाला' इथपासून सगळ्यांना सगळं विचारणारे, सगळ्याला उत्तर असणारे नाना मान खाली घालून म्हणाले, "ते मला न्हाई ठावं, आक्का. ते गुरजींना इचारा."

आईने मला विचारलं नाही, नुसतं पाहिलं. आजवर हा विषय निघाला की मी एकच सांगत आलो होतो, मी मजेत होतो, काकूकडे मला काही कमी नव्हतं. तेच पुन्हा सांगणार होतो. वाक्य तयार होतं. पण समोर ती आत्ताच तीस वर्षांच्या एका समजुतीतून बाहेर पडली होती, आणि तिला तिथेच आणखी एक खोटं द्यायचं माझ्याने होईना.

"काकूनं खरंच काही कमी केलं नाही," मी म्हणालो. "पण शाळा सुटली की मी वेशीवर जाऊन बसायचो. गाडी येते का बघायला."

"पाडव्याच्या टायमाला?"

"नाही. दिवाळीपासून."

"रोज?"

"रोज."

काकू आत निघून गेली. नाना उगाचच कुंपणापर्यंत चालत गेले आणि पाठ करून उभे राहिले. आई गुडघ्यावर हात टेकून उठली, ओट्यावरचा कॅन उचलला, झाडाला वळसा घालून माझ्यापाशी आली आणि झाकण फिरवून कॅन माझ्या तोंडाशी धरला.

"पी," ती म्हणाली. "लई ऊन हाय."